कोटाच्या कोपरातला उजेड

ती. मावशीस,

गुंताबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातलं एक अंग, म्हणजे माझा डावा गुडघा, सध्या रजेवर आहे. उरलेल्या सातांवर भागवून घे.) इकडे आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब वेळेवर पडतात ना, की घालायला येणाऱ्यालाच तू हाकलून देतेस? पाठदुखी कशी आहे? रात्रीची झोप? डोळ्यांविषयी आणखी विचारलेलं तुला चालणार नाही, म्हणशील दुसरं काहीतरी बोल. बरं, दुसरं बोलते. पण हे दुसरंसुद्धा फिरून फिरून डोळ्यांपाशीच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते, मागून म्हणू नकोस.

[वहिनी, हे पत्र तूच तिला वाचून दाखवणार, म्हणून दोन तऱ्हेचे कंस घातलेत. गोल कंस मोठ्याने वाचायचे, चौकोनी मनातल्या मनात. तुझं पत्र पोचलं. मावशीने सुयांचा डबा माळ्यावर टाकायला लावला, दिवसभर हात शालीखाली घेऊन बसते आणि "डोळ्यांबरोबर बोटंही गेली" म्हणते, हे वाचून मी ताट तसंच बाजूला सारलं. तू विचारलंस, काय करू. मला काहीच सुचलं नव्हतं, म्हणून उत्तर राहिलं. आता सुचलंय. पुढे वाच, आणि वाचताना आवाज सरळ ठेव.]

तर झालं असं, की गेल्या मंगळवारी मालकीणबाईंनी रफूचं दुकान रंगवायला काढलं आणि आम्हा तिघींना सुट्टी दिली. यांनाही एक रजा शिल्लक होती. (लिफ्टा दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरी बसवलं की तो दिवसभर फ्रीजचं दार उघडमीट करून आवाज ऐकत बसतो, पण ते असो.) दहा वाजेपर्यंत झोपायचं, एवढाच आमचा बेत होता. आठ वाजता वरच्या मजल्यावरच्यांनी भिंतीला भोकं पाडायला सुरुवात केली. नऊपर्यंत आम्ही उशा डोक्यावर घेऊन सुट्टी साजरी केली. मग हे उठून बसले आणि म्हणाले, "चल, संग्रहालयात जाऊन झोपू." तिथली लिफ्ट अडकली होती तेव्हा हे दोन दिवस तिथे कामाला होते. बाकं रुंद, वर मऊ कातडं, आवाज नाही, आणि मुख्य म्हणजे डोळे मिटून बसलेल्या माणसाला तिथे रसिक समजतात, कुणी उठवत नाही. मंगळवारी तिकीटही नसतं.

मी कधी गेले नव्हते. बावीस वर्षं त्याच रस्त्याने दुकानात जाते, पण त्या पायऱ्या चढायचं मनात आलं नाही. आत शिरताना उगाच पदर-बिदर नीट करावा तशी मी कॉलर नीट केली आणि आतल्या बाजूला टोचलेली सुई बोटाला लागली. (तू लावलेली सवय. बाहेर पडताना एक सुई अंगावर, मग लग्न असो की दवाखाना.) ती तिथेच राहू दिली. पुढचं सगळं त्या सुईमुळे झालं, म्हणजे पाहायला गेलं तर तुझ्यामुळे.

खालच्या मजल्यावर जुनी चित्रं आहेत. मावशी, खरं सांगते, पहिला अर्धा तास मी चित्रं पाहिलीच नाहीत, कपडे पाहिले. एक सेनापती घोड्यावर बसलाय, मागे गाव जळतंय, आणि मी त्याच्या फाटलेल्या बाहीकडे बघून म्हणतेय, हे काखेतून गेलंय, आतून पट्टी लावल्याशिवाय धरायचं नाही. एक साधू गुहेत बसलेला, अंगावरच्या कांबळ्याला कसर लागलेली, तीही इतकी हुबेहूब की मी नकळत एक पाऊल मागे सरले, आपल्या स्वेटरला लागू नये म्हणून. चारशे वर्षं हे लोक तसेच फाटके बसलेत. कुणी एक टाका घातला नाही.

आणि मग ती शालवाली दिसली. चित्र छोटंसंच, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या एका तावदानाएवढं. कुणा व्यापाऱ्याची बायको असावी. कानात मोती, गळ्यात मोती, मांडीवर हात ठेवून बाजूला कुठेतरी बघतेय, आणि खांद्यावर विटकरी रंगाची लोकरी शाल. मी शाल बघत होते. एकेक धागा काढलेला होता, मावशी. रंगाने. विणीचा वर-खाली कळत होता. आणि डाव्या खांद्यावर, नखाएवढ्या जागेत, वीण चुकलेली. इतरत्र दोन वर एक खाली, आणि तेवढ्याच जागेत एक वर एक खाली. रंगही केसभर गडद. मला आधी वाटलं माझेच डोळे गेले. मग आणखी जवळ गेले. ते रफू होतं.

म्हणजे बघ, कुठल्यातरी खिडकीपाशी कुणीतरी बसून ती शाल दुरुस्त केली असणार. उजेड कमी होत आला असेल, म्हणून शेवटचे धागे घाईत गेले असतील. तिला वाटलं असेल, कळणार नाही कुणाला. मालकिणीला कळलंही नसेल. पण चित्रकाराला दिसलं. त्याला ते टाळता आलं असतं, उलट टाळलं असतं तर घरधनी खूश झाला असता. त्याने ते काढलं. राजे काढले नाहीत, लढाई काढली नाही, नखाएवढं रफू काढलं, आणि तीनशे वर्षं ते त्या खांद्यावर बसून राहिलं, कुणी ओळखेल म्हणून. माझ्या अंगावर काटा आला. मग हसू आलं, मग डोळे भरले, आणि तोंडातून मोठ्याने निघून गेलं, "सापडलीस."

(तुला आठवतं का? मी बारा वर्षांची. रफू करून आणलं की तू डोळे मिटायचीस, कापड खालच्या ओठावरून हळूच फिरवायचीस, आणि बरोबर त्या जागी थांबून म्हणायचीस, "सापडलीस." मग उसवायचीस आणि परत करायला लावायचीस. डोळ्यांनी कधी बघितलं नाहीस. म्हणायचीस, डोळे भोळे असतात, त्यांना कुणीही फसवतं. या तीस वर्षांत तुला माझं एकही रफू न सापडलेलं मला आठवत नाही.)

माझ्या मागे कॉलेजच्या मुलींचा घोळका आणि त्यांना माहिती सांगणाऱ्या बाई उभ्या होत्या. बाईंनी मोत्यांवरचा प्रकाश सांगितला, नजरेतली उदासी सांगितली. मी म्हटलं, खांद्यावर रफू आहे. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या, "तो रंगाला गेलेला तडा असेल." मी म्हटलं, "बाई, तडा एक धागा सोडून एक असा मोजून जात नाही." मुली नाकं लावून बघायला लागल्या. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि वाकून पुन्हा बघितलं. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. अर्ध्या तासाने मी पुन्हा तिथून गेले तेव्हा पुढचा घोळका आला होता आणि बाई त्यांना आधी खांदा दाखवत होत्या.

एवढं झाल्यावर घरी यायला हवं होतं. पण यांना लिफ्टमधून वर जायचं होतं. ("दरवाजा मिटताना कसा श्वास सोडतो ते ऐक," म्हणाले. ऐकला. खरंच सोडतो. प्रत्येकाची कला वेगळी.) वरच्या मजल्यावर आजकालच्या लोकांचं काम असतं. ते आपल्याला कळणार नाही असं मी धरूनच चालले होते. एका खोलीत पडद्यावर एक बाई अंगण झाडत होती. हे म्हणाले, तिचं झाडून होईपर्यंत बसू. तिचं काही होईना. केर गोळा व्हायचा, वारा यायचा, परत पहिल्यापासून. पाचव्या खेपेला मी वळून बघितलं तर हे हनुवटी छातीवर टेकवून पूर्ण रसिक झाले होते. त्यांना तिथे ठेवून मी पुढच्या खोलीत गेले.

खोली अंधारी होती. मधोमध छताला बांधलेल्या दोरीवर एक कोट लटकत होता. करड्या लोकरीचा, पुरुषाचा, जुन्या बेताचा, खांदे जरा ओघळलेले. बाहीच्या आत छोटा दिवा सोडलेला, आणि कोपरापाशी वाटाण्याएवढं भोक. त्या भोकातून उजेड बाहेर पडायचा आणि समोरच्या भिंतीवर त्याचा एक ठिपका. बस्स. बाकी काही नाही. कुणी आलं-गेलं की वाऱ्याने कोट जरासा फिरायचा आणि ठिपका भिंतीवरून सरकत जायचा, कुणीतरी काहीतरी ठेवलंय आणि आता सापडत नाही, तसा. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. लोक येऊन त्या ठिपक्याखाली तळहात धरत होते. मीही धरला. ऊब नव्हती, तरी मला वाटली. मला काय कळलं म्हणशील तर शब्दांत काही नाही. कुणी घरातून गेल्यावर त्याच्या खुर्चीकडे बघताना जसं गप्प व्हायला होतं तशी गप्प झाले, इतकंच.

तिथेच थांबले असते तर आज तुला दोन ओळींचं खुशालीचं पत्र आलं असतं. पण माझी नजर ठिपक्यावरून पुन्हा पुन्हा भोकाकडे जायला लागली, जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी. कडेचे धागे सुटत होते. आणखी महिनाभरात वाटाण्याचं लिंबू झालं असतं. भिंतीवर पाटी होती: हात लावून बघा. मी हात लावला. लोकर सुरेख, आतल्या दुमडीत कापड भरपूर सोडलेलं, म्हणजे धागा काढायला हवा तितका. कोपराचं अस्तर केव्हाच गेलेलं. आणि उजेड आतून. मावशी, तू जन्मभर खिडकीला कापड ताणून धरून काम केलंस, रफूला उजेड पाठीमागून हवा म्हणून. इथे कुणीतरी दिवा लावून, कोट टांगून, हात लावा म्हणून लिहून ठेवलं होतं. आता यापुढे रफूगारणीने काय समजावं? रफू करू नका असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी परत जाऊन पाटी वाचलीये.

कॉलरची सुई कधी हातात आली ते आठवत नाही. पहिला धागा ओवला तेवढ्यात पहारेकरी जवळ आला. मिशा पांढऱ्या, चालणं सावकाश. म्हणाला, "तुम्ही दुरुस्तीच्या ना?" मी म्हटलं, "हो." (मी आहेच की. संग्रहालयात दुरुस्तीचं वेगळं खातं असतं आणि तो तिथल्या बाईंची सकाळपासून वाट बघत होता, हे मला कुठून कळणार?) तो म्हणाला, "उशीर केलात," आणि जाऊन माझ्यासाठी स्टूल घेऊन आला. नंतर त्याने आपल्या कोटाचा फाटका खिसाही दाखवला, पण मी म्हटलं आधी हे होऊ दे.

दीड तास गेला. मला दुकान आठवलं नाही, गुडघा आठवला नाही. माझ्याभोवती माणसं जमत होती आणि हलक्या पावलांनी जात होती. एक म्हातारं जोडपं माझ्या मागे कुजबुजत भांडत होतं. आजोबांचं म्हणणं, ही बाई म्हणजे काळ. आजी म्हणाल्या, "काळ कशाला स्टुलावर बसेल, ती ज्याचा कोट त्याची आई आहे." मी काही बोलले नाही, माझ्या दातात धागा होता. भिंतीवरचा ठिपका वाटाण्याचा मूग झाला, मुगाची राई झाली, आणि शेवटचा धागा विणीत बुडवला तशी खोली एकदम काळोखी झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, पहारेकऱ्यानेसुद्धा. मी मात्र अंधारात सुई धरून बसले, आणि तेव्हा, मावशी, पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला, की भोक हीच वस्तू होती. कोट नव्हे.

टाळ्या ऐकून संग्रहालयाच्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. खोलीतले दिवे लागले. त्यांनी मला माझं नाव, पत्ता आणि "का" असं तिन्ही एका दमात विचारलं. मग जिचं ते काम आहे तिला बोलावणं गेलं. ती जवळच राहते, धावतच आली, हाताला ओली माती तशीच. पोरगेलीशी आहे, केस बारीक कापलेले. मी तिला कोटवाली म्हणते, कारण नाव विचारायचं धाडस झालं नाही. तो तिच्या वडिलांचा कोट. रोज संध्याकाळी टेबलावर कोपर टेकून रेडिओ ऐकायचे, त्यानेच ते भोक पडलेलं. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "कोट दुकानात मिळतो हो. ते भोक तेवढं त्यांनी केलेलं होतं."

हे तोवर उठून आले होते. त्यांनी परिस्थिती पाहिली, माझ्या हातातली सुई पाहिली, आणि म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी तरी." बाकी काही नाही. पण माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, अगदी खांद्याला खांदा लावून, ते तुला सांगायचं होतं.

मग कोटवालीने कोपरावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. बाही उलटी करून आतून बघितली. दिव्याजवळ नेली. मोठ्या बाईंनीही बघितलं. आणि ती मुलगी खाली जमिनीवर बसली, कोट मांडीवर घेऊन. म्हणाली, "हा असा मी कधी पाहिलाच नव्हता. मी जन्मायच्या आधी त्यांनी घेतला तेव्हा असा असेल." माझ्याकडे बघून हसली, डोळे ओले. मला वाटलं आता माफी. पण लगेच म्हणाली, "उसवा."

तिचं बरोबर आहे. कात्री लावायला ती तयार नाही. "कात्रीने पाडलं तर ते माझं भोक, बाबांचं नाही." जे धागे मी घातले तेच, त्याच वाटेने, एकेक मागे काढायचे, म्हणजे खालून वडिलांचं जसंच्या तसं निघेल. आणि त्यासाठी शेवटचा बुडवलेला धागा सापडायला हवा. मी शोधला. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी मान वर करून सांगितलं, मला सापडत नाहीये. मोठ्या बाई म्हणाल्या, मग कुणाला सापडेल? मी म्हटलं, एकीलाच. जिने मला शिकवलं तिला. तिला डोळे लागत नाहीत.

कोटवाली तेवढ्यावरच थांबायला तयार झाली. कोट सध्या खोलीत तसाच लटकतोय, आत दिवा, बाहेर अंधार. पुढल्या सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा आपण उसवायला बसायचं. तू फक्त जागा दाखवायचीस. उसवायचं मी बघेन, तू शिव्या घाल. गाडी तुझ्या दाराशी येईल, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, लिफ्ट आहे आणि तिची जबाबदारी यांनी स्वतः घेतली आहे. एका मुलीचा बाप माझ्या टाक्यांखाली अडकून पडलाय, मावशी. ये आणि सोडव.

पत्र लांबलं. वाचणारीचा घसा सुकला असेल, तिला पाणी दे आणि माझा राग राग करू नकोस.

तुझीच,
गुंताबाई

ता. क. शालवालीचा खांदा मी कितीही वर्णन केला तरी तुला दिसणार नाही हे मला कळतं. पण तिच्या अगदी जवळ उभं राहून, कुठे काय आहे ते तुझ्या तळहातावर बोटाने काढून दाखवायचं मी ठरवलंय. माहितीवाल्या बाईंची परवानगी काढली आहे. त्या म्हणाल्या, मलाही ऐकायचंय.

ता. क. दुसरा. पहारेकऱ्याच्या खिशाचं रफू मी करून दिलं. तेही तू ओठाला लावून बघावंस अशी त्याची इच्छा आहे. मी नको म्हटलंय. खिशात तो तपकीर ठेवतो.

[ता. क. तिसरा. वहिनी, हा तुझ्यापुरता. सगळ्यांसमोर "सापडत नाही" म्हणाले ते साफ खोटं होतं. शेवटचा धागा कुठे बुडवलाय ते मला बघायचीही गरज नव्हती. पण तुझं पत्र पिशवीत होतं, शालीखालचे ते हात डोळ्यांसमोर आले, आणि तोंडातून निघून गेलं. घरी येऊन ते खोटं पचेना. मावशी नाहीच आली तर निदान जागा ठाऊक असावी, म्हणून काल दुकानातून सुटून पुन्हा गेले. पहारेकऱ्याने स्टूल दिलं. आतला दिवा लावून बघितलं, नख फिरवलं, शेवटी डोळे मिटून ओठ लावला. पाऊण तास. वहिनी, मला सापडत नाहीये. खरंच सापडत नाहीये. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी तिथे बसून कितीतरी वेळ स्वतःच्याच हातांकडे बघत राहिले, कुणा परक्याचे असावेत तसे. तेव्हा तिला आता यायलाच हवं, आणि हे मी खोटं बोलत नाहीये. एक सांगते. तू हे चौकोनी कंस गाळत वाचशील, आणि गाळलेली प्रत्येक जागा तिला ऐकू येईल. ओठ लावायचीही गरज पडणार नाही. ती ऐकत ऐकत थांबेल आणि म्हणेल, "सापडलीस." म्हणाली, तर मुकाट्याने हे सगळं वाचून दाखव, आणि माळ्यावरून डबा काढ.]